हमिंगबर्ड काढताय? आधी पंखाचं कोपर शोधा

पेन्सिलीत हमिंगबर्ड बहुतेक वेळा शेडिंग सुरू होण्याआधीच फसतो. चोच लांब असते, पंख पसरलेले असतात, समोर फूलही असतं, आणि तरी घरातलं कुणीतरी डोकावून म्हणतं, "छान आलीय चिमणी." मग आपण ६बी ही मऊ, गडद पेन्सिल उचलतो आणि पिसं गडद करत बसतो. त्याने काही फरक पडत नाही, कारण चूक सांगाड्यात असते.

फोटो भलत्याच पक्ष्याचा

हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत सापडतात, उत्तरेला अलास्कापासून दक्षिणेला टिएरा देल फ्यूगोपर्यंत. आपल्याकडे रानात एकही नाही. तरी जास्वंदीवर आलेल्या शिंजिराचे फोटो 'हमिंगबर्ड' म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात आणि तेच समोर ठेवून चित्र सुरू होतं. शिंजीर वेगळ्याच कुळातला. हमिंगबर्डचं जवळचं नातं पाकोळी (स्विफ्ट) पक्ष्यांशी आहे. शिंजिराची चोच खाली वाकलेली, पाय चांगले नजरेत भरणारे, आणि मध पिताना तो बहुधा फांदी धरून बसतो. शिंजीर जरूर काढा. खिडकीत बसून जिवंत पक्षी समोर बघत काढता येतो, हा फायदा फोटोत नाही. मात्र शिंजिराचं धड आणि हमिंगबर्डचे पंख एकत्र आले की जो पक्षी तयार होतो तो कुठल्याच देशात राहत नाही.

दुसरी गफलत म्हणजे चार फोटोंतून चार जातींचे तुकडे उचलणं. हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत. अँडीजमधल्या तलवारचोच्या जातीची चोच शेपटी सोडून उरलेल्या धडापेक्षा लांब असते, तर क्यूबातला बी हमिंगबर्ड जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरचा. म्हणून आधी एक जात पक्की करा. सुरुवातीला पूर्व अमेरिकेतला रुबी-थ्रोटेड बरा, त्याचे सर्व कोनांतले फोटो मुबलक मिळतात.

तो चोचीपासून शेपटीपर्यंत ७ ते ९ सेंटिमीटरचा असतो. ए-फोर कागदावर तो दुप्पट मोठा काढा, म्हणजे साधारण १७ सेंटिमीटर. मग चोच साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास येते, शेपटी पाच ते सहा, आणि पंख आठ ते नऊ. ही मापं आधी हलक्या खुणांनी कागदावर टाका. नवशिक्यांच्या चित्रात चोच हटकून यापेक्षा लांब असते. 'लांब चोचीचा पक्षी' ही कल्पना डोक्यात इतकी घट्ट असते की हात मापाचं ऐकत नाही. रुबी-थ्रोटेडची चोच जवळपास सरळ असते हेही लक्षात असू द्या.

पंख

सगळ्यात जास्त चित्रं इथे मोडतात, म्हणून इथे जरा थांबू.

कबुतराचा किंवा घारीचा पंख आपण खांदा, कोपर, मनगट असा तीन टप्प्यांत बघतो. हमिंगबर्डमध्ये दंडाचं आणि कोपरापुढचं हाड अगदी आखूड असतं आणि पंखाचा बहुतेक भाग आपल्या हाताच्या पंजाशी जुळणाऱ्या हाडांवर उभा असतो. कोपर अंगाला घट्ट चिकटवून नुसता पंजा फिरवून बघा, साधारण तसा हा पंख चालतो. म्हणून पंखाच्या मधोमध कोपराचा बाक काढला की तिथेच चिमणी होते. कोपर आणि मनगट दोन्ही अंगाजवळच काढायचे, पंखाच्या मुळाशी. तिथून पुढे तलवारीच्या पात्यासारखा एकच लांब, किंचित मागे वळलेला आकार.

पिसांची रचनाही त्याच हिशोबाची आहे. बाहेरची प्राथमिक पिसं दहा. त्यांतली टोकाकडची सर्वांत लांब, आणि अंगाकडे येताना ती आखूड होत जातात. आतली दुय्यम पिसं सहा-सातच, तीही छोटी. पंखाला अंगाजवळ रुंद, गोलसर झालर काढली असेल तर ती खोडा. एका बाजूच्या पंखात अठरा-वीस लांब पिसं दिसत असतील, तर ती मोजून कमी करा.

"पंख उलटा बसवल्यासारखा दिसतोय" ही तक्रार नेहमी येते. कधीकधी चित्र बरोबर असतं आणि आपणच घाबरून ते बिघडवतो. एका जागी तरंगताना हमिंगबर्डचे पंख वर-खाली कमी आणि पुढे-मागे जास्त फिरतात, टोक आडव्या इंग्रजी आठच्या आकड्यासारखं जातं. मागे येताना पंख खांद्यातून पिळला जातो आणि त्याची खालची बाजू वर येते. अशा क्षणाचा फोटो असेल तर पंखाची खालची बाजू वर दिसणारच. पंखाची पुढची जाड कड कुठली तेवढं ओळखा. पंख ज्या दिशेने चाललाय त्या दिशेला ती असते. ती सापडली की पिसं कुठल्या बाजूला पसरतात ते आपोआप कळतं.

दोन्ही पंख आरशातल्यासारखे सारखे काढणं ही आणखी एक खोड. पक्षी किंचित जरी वळलेला असला तरी लांबचा पंख आखूड आणि अरुंद दिसतो. धडाचा तिरकेपणाही इथेच तपासा. तरंगताना धड तिरकं असतं, शेपटी खाली झुकलेली आणि डोकं मात्र बऱ्यापैकी आडवं. धड पूर्ण आडवं काढलं की पक्षी कुठेतरी निघालाय असं वाटतं.

गतीचं म्हणाल तर रुबी-थ्रोटेड सेकंदाला सुमारे पन्नास वेळा पंख मारतो. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रसंस्थेतल्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकात स्ट्रोबच्या, म्हणजे क्षणभरच पेटणाऱ्या दिव्याच्या, लखलखाटात हे पंख गोठवले, तेव्हापासून आपल्याला ते पीस-पीस दिसतात. पण प्रत्येक पीस कोरलेलाच पंख काढला पाहिजे असं नाही. मला स्वतःला मुळाशी स्पष्ट आणि टोकाकडे विरत जाणारा पंख जास्त आवडतो. तो जमवायचा तर टोकाकडे बोट फिरवून धूसरपणा आणू नका, कागद मळकट दिसतो. एच किंवा एचबीच्या हलक्या, टोकाकडे उचलत नेलेल्या रेघा मारा आणि कणकेसारख्या मळता येणाऱ्या मऊ खोडरबराने टिपत जा.

गळा गडद की चमकदार?

नराच्या गळ्याचा लाल रंग रंगद्रव्याचा नसतो, पिसांच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश परतून तो दिसतो. कोन बदलला की तोच गळा काळा ठिक्कर दिसतो. इथली ठरलेली चूक म्हणजे चेंडूला देतो तसं उजेडातून सावलीत अलगद उतरणारं शेडिंग. मग गळा मऊ मखमलीचा वाटतो. चमकणारी पिसं अशी उतरत नाहीत. एक खवला झगझगीत आणि शेजारचा काळा, असं असतं. छोटे गोलसर खवले एकावर एक रांगेत आखून घ्या, काहींवर कागद कोरा ठेवा आणि लगतच्यांवर थेट ६बी. फोटोत गळा पूर्ण काळा असेल तर तो तसाच काळा काढा, कडेला दोन-तीन ठिणग्या पुरतात. मादी काढत असाल तर गळा पांढुरका ठेवा. तिची शेपटी गोलसर असते आणि बाहेरच्या पिसांची टोकं पांढरी. नराची शेपटी दुभंगलेली.

पोट फिकट असतं. तिथे रेघांची गर्दी करायची गरज नाही. पण एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या संकल्पचित्रांत सगळीकडे एकसारखी बाह्यरेषा काढून हाताला सवय लागलेली असते. ती इथे नडते. पोटाची कड मागच्या हलक्या छटेनेच दाखवा, रेषा नको.

डोळ्याला माणसासारखा पांढरा भाग देऊ नका. डोळा जवळजवळ पूर्ण काळा, डोक्याच्या मानाने मोठा, आणि त्यात उजेडाच्या बाजूला एक छोटा कोरा ठिपका. हा ठिपका आधीच राखून ठेवा, नंतर खोडून तो तितका स्वच्छ येत नाही. पाय इवलेसे असतात आणि उडताना पोटाच्या पिसांत दडतात. दिसत नसतील तर काढूच नका.

ग्राफाइटच्या तक्रारी

"६बी बसतच नाही, नुसती घसरते." खाली एचबी दाबून घासलेली असणार, कागदाचा खरखरीतपणा संपला की वर काही धरत नाही. सर्वांत गडद जागा आधी ठरवा आणि तिथे मऊ पेन्सिलीनेच सुरू करा. गुळगुळीत चार्ट पेपरवर हा त्रास लवकर होतो, थोडा खरखरीत कार्ट्रिज पेपर घ्या. हाताखाली कोरा कागद ठेवा, तळहाताचा घाम आणि तेल पोटाच्या पांढऱ्या भागाला पहिल्यांदा डागतं.

आणि काळं चित्र मोबाइलवर राखाडी, चकचकीत येतं ती तुमची चूक नाही. ग्राफाइट उजेड परतवतं. फ्लॅश बंद करा, खिडकीचा उजेड एका बाजूने येईल असा कागद ठेवा, आणि गळ्यावरची चकाकी जाईपर्यंत तो थोडा थोडा कलता करा.