मुलं होमवर्कचे प्रश्न घेऊन आली की मी काय करते (सहावी ते आठवी)

आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या बिल्डिंगमध्ये गेली ७ वर्षं संध्याकाळी सातच्या सुमारास बेल वाजते आणि दारात कुणीतरी वही घेऊन उभं असतं, "काकू, हे येत नाहीये." क्लास नाही घेत मी, फी वगैरे काही नाही. आधी माझ्या मुलीबरोबर तिच्या मैत्रिणी बसायच्या, आता ती कॉलेजला गेली तरी खालच्या मजल्यावरची, शेजारच्या विंगमधली मुलं येतातच, आणि येतात ती एकदम, म्हणजे एकाला भूगोल, दुसरीला गणित, तिसऱ्याला हिंदी, सगळं एकाच वेळी. बरेच आईबाबा विचारतात की घरी आमचं ऐकत नाही मग तुमच्याकडे कसं बसतं, म्हणून जे जमलंय ते एकदा नीट लिहून काढतेय.

पहिलं म्हणजे प्रश्न वाचला की लगेच उत्तर सांगायचं नाही. मला उत्तर येत असलं तरी नाही. आधी "तू किती केलंस ते दाखव" आणि काहीच केलं नसेल तर "प्रश्न मोठ्याने वाच आणि काय विचारलंय ते तुझ्या शब्दांत सांग". खरं सांगते, निम्मी मुलं इथेच "अच्छा अच्छा, कळलं" म्हणून परत जातात, कारण त्यांनी प्रश्न पूर्ण वाचलेलाच नसतो. उरलेल्यांचं कुठे अडलंय ते शोधायचं, आणि ते बहुतेक वेळा समोरच्या प्रश्नात नसतंच, मागच्या कुठल्यातरी इयत्तेत असतं. आठवीचा एक मुलगा चक्रवाढ व्याज घेऊन आला होता, सूत्र तोंडपाठ, तरी उत्तर चुकतंय, शेवटी पाहिलं तर त्याला दशांश अपूर्णांकांचा गुणाकारच येत नव्हता, पॉइंट कुठे द्यायचा ते तो अंदाजाने ठरवत होता. त्या दिवशी आम्ही व्याज बाजूला ठेवलं आणि अर्धा तास फक्त पॉइंटवर घालवला. दुसऱ्या दिवशी व्याजाची गणितं त्याची त्याने केली. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, मूल कुठे अडलंय ते सापडेपर्यंत समजावायला सुरुवातच करू नका, नाहीतर तुम्ही कितीही छान समजावलं तरी ते भलत्याच जागी जातं.

दुसरं, पुस्तक उघडा. स्टेट बोर्डाची पुस्तकं ईबालभारतीवर फुकट मिळतात, सीबीएसईची एनसीईआरटीच्या साइटवर, त्यामुळे मूल वही एकटीच घेऊन आलं तरी मोबाईलवर धडा काढता येतो. आपण शिकलो ती रीत आणि आताची रीत वेगळी असते, लसावि काढायच्याच दोन-तीन पद्धती आहेत, मॅडमनी वर्गात एक घेतली आणि आपण दुसरी शिकवली की मूल बिचारं मधल्यामध्ये अडकतं. त्यामुळे आधी वहीतलं सोडवलेलं उदाहरण बघायचं, त्याच रीतीने करायचं, आपली रीत नंतर सांगायची.

आणि सेमी इंग्लिशवाल्यांचं वेगळंच असतं बरं का. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत, घरी आजोबा म्हणतात छेद आणि मुलगी म्हणते डिनॉमिनेटर, दोघांनाही गणित येतंय पण बोलणं जुळत नाही. मी वहीच्या शेवटच्या पानावर जोड्या लिहायला लावते, न्युमरेटर म्हणजे अंश, एलसीएम म्हणजे लसावि, एचसीएफ म्हणजे मसावि, डेन्सिटी म्हणजे घनता, असं प्रत्येक धड्याला वाढत जातं. एकदा ते पान भरलं की घरातलं कुणीही मदत करू शकतं.

आता गणित. सगळ्यात जास्त प्रश्न गणिताचेच येतात. अपूर्णांकांच्या भागाकारात "दुसरा उलटा करायचा आणि गुणायचं" हे पाठ असतं पण का उलटा करायचा ते कुणालाच सांगता येत नाही. तिथे मी सरळ पाव आणि पाऊण काढते. पाऊण लिटर दूध आहे, ग्लास पाव लिटरचा, किती ग्लास होतील? तीन, लगेच सांगतात. मग विचारायचं, एक अख्खा लिटर असता तर? चार. म्हणजे पाव लिटरने भागणं म्हणजे एका लिटरमागे चार ग्लास धरणं, आणि आपल्याकडे लिटरचा पाऊण भाग आहे, म्हणून चारचा पाऊण, तीन. झालं, १/४ ने भागणं म्हणजे ४ ने गुणणं हे त्यांना दिसतं. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आजकाल बऱ्याच मुलांना येत नाहीत, ते घरात मुद्दाम वापरा, अपूर्णांकांची भीती निम्मी तिथेच जाते.

उणे गुणिले उणे बरोबर अधिक, हे असंच एक. इथे गोष्ट सांगण्यापेक्षा ओळी लिहायला लावते. ३ × (-४) = -१२, २ × (-४) = -८, १ × (-४) = -४, ० × (-४) = ०. आता बघ, प्रत्येक ओळीला उत्तर कितीने वाढतंय? चारने. मग पुढची ओळ (-१) × (-४) किती? ४. मूल स्वतः म्हणतं चार, आपल्याला नियम सांगावाच लागत नाही.

शेकडा नफा-तोट्यात एकच चूक सगळे करतात. २० किलोचं द्राक्षाचं क्रेट १२०० ला घेतलं, १५०० ला विकलं, नफा ३००. पुढे अर्धी मुलं ३०० ला १५०० ने भागतात आणि २० टक्के काढतात. मी विचारते, तुझ्या खिशातून किती गेले? १२००. मग त्या १२०० वर तू किती कमावलेस? ३००, म्हणजे २५ टक्के. निफाड-पिंपळगावकडे नातेवाईक असलेल्या मुलांना हे पटकन कळतं, घरात क्रेटचे भाव रोज ऐकतात ना. प्रत्येक मुलाच्या घरात असा काहीतरी हिशोब चाललेला असतो, रिक्षाचा, दुकानाचा, शिवणकामाचा, तो पकडायचा.

विज्ञानात जमेल तिथे वस्तू हातात द्या. परासरण शिकवायला नाशिककरांना तर काहीच शोधावं लागत नाही, घरात बेदाणे असतातच. मूठभर पाण्यात टाकायचे, तीन-चार तासांनी फुगतात, मग तेच फुगलेले बेदाणे मिठाच्या दाट पाण्यात ठेवायचे, पुन्हा आक्रसतात. पाणी ज्या बाजूला साखर किंवा मीठ जास्त तिकडे जातंय हे डोळ्यांनी दिसतं, मग व्याख्या लिहायला सांगा, स्वतःच्या शब्दांत लिहितात.

चंद्राच्या कलांबद्दल एक गैरसमज इतका पक्का असतो की तो काढायलाच वेळ जातो. अमावस्येला चंद्र का दिसत नाही, तर "पृथ्वीची सावली पडते म्हणून". नाही! सावली पडते ते चंद्रग्रहण, आणि ते पौर्णिमेला होतं. हे सांगून पटत नाही, करून दाखवायला लागतं. खोलीतला लाइट बंद करायचा, एका कोपऱ्यात टेबललॅम्प, तो सूर्य. मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी. हात लांब करून बॉल डोक्याच्या थोडा वर धरायचा, तो चंद्र, आणि जागच्या जागी हळूहळू डावीकडे वळत गोल फिरायचं. बॉल दिव्याच्या बाजूला असतो तेव्हा उजेडातली बाजू पलीकडे जाते आणि आपल्याला अंधारी बाजू दिसते, ती अमावस्या. दिव्याकडे पाठ केली की बॉल अख्खा उजळतो, पौर्णिमा. दोन फेऱ्या मारल्या की मूल ओरडतंच, "काकू कोर दिसतेय कोर!"

भूगोलात आपलं गावच पुस्तक आहे हो. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीला उगम पावते, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ८० किमीच्या आसपास, तरी ती उलटी पूर्वेला जाऊन १४६५ किमी वाहून बंगालच्या उपसागराला मिळते, का? मुलांना हे विचारलं की गप्प होतात. आणि गंमत म्हणजे त्र्यंबकच्याच डोंगरांत उगम पावणारी वैतरणा पश्चिमेला जाऊन अरबी समुद्राला मिळते. घराच्या छपराचं उदाहरण द्यायचं, मधल्या आढ्याच्या या बाजूला पडलेलं पाणी इकडे, त्या बाजूचं तिकडे. सह्याद्री हे आढं, त्यालाच जलविभाजक म्हणायचं, आणि आपल्या बाजूचा उतार पूर्वेला आहे. पर्जन्यछायेचंही तसंच, इगतपुरीला पावसाळ्यात छत्री उलटी होते आणि सिन्नर-येवल्याला लोक आभाळाकडे बघत बसतात, एकाच जिल्ह्यात. ढग डोंगर चढताना गार होतात, पाऊस आधीच सांडून जातो, पलीकडे उतरतात तेव्हा उरतं किती? शक्यतो ज्यांचं गाव तिकडे आहे त्या मुलाकडूनच बाकीच्यांना सांगून घ्या.

इतिहासात "कारणे लिहा" आलं की मुलं गाईडमधल्या चार ओळी पाठ करतात आणि परीक्षेत दोन विसरतात. मी एक आडवी रेघ मारायला लावते आणि त्यावर सालं टाकायला. २ मार्च १९३० ला पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाड त्यात आघाडीवर होते. त्याच महिन्यात १२ मार्चला दांडी यात्रा निघाली. हे दोन पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत असतात त्यामुळे मुलांना ते एकाच महिन्यातले आहेत हे माहीतच नसतं, रेघेवर शेजारी शेजारी आले की आपोआप विचारतात, मग एकीकडे मिठासाठी आणि एकीकडे देवळात जाण्यासाठी असं एकाच वेळी चाललं होतं? आणि मंदिरात तेव्हा जाऊ दिलं का? नाही दिलं, सत्याग्रह पाचेक वर्षं चालला तरी नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ची बाबासाहेबांची येवल्याची धर्मांतराची घोषणा रेघेवर टाकायची. आता कारण पाठ करावं लागत नाही. सुट्टीच्या दिवशी काळारामाच्या पूर्व दरवाजाशी जाऊन उभं राहिलं तर अजून चांगलं.

भाषांचं थोडक्यात. मराठीतले प्रयोग ओळखताना व्याख्या म्हणत बसू नका, शब्द बदलून बघा. "आईने भाकरी केली", आता भाकरीच्या जागी पिठलं टाक, "आईने पिठलं केलं". क्रियापद कर्मामागे बदललं, कर्मणी. "मी भाकरी खाल्ली" इथे मात्र सगळे फसतात, 'ने' दिसत नाही म्हणून कर्तरी लिहितात, पण पेरू टाकून बघा, "मी पेरू खाल्ला", बदललं की नाही, म्हणजे कर्मणीच. हिंदीत सारखे दिसणारे शब्द घात करतात, शिक्षा म्हणजे त्यांच्याकडे शिक्षण आणि आपल्याकडे छडी, चेष्टा म्हणजे तिकडे प्रयत्न आणि इकडे थट्टा, याचीही एक यादी करून ठेवा. इंग्रजीत 'डिड' आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपात, 'डिडन्ट वेन्ट' नाही 'डिडन्ट गो', एवढं एक सुधारलं तरी वहीतल्या लाल खुणा कमी होतात.

मोबाईलवर फोटो काढून उत्तर आणणारी मुलंही येतात. रागवत नाही मी, पण आकडे बदलून तेच गणित पुन्हा करायला देते, आलं तर आलं, नाही आलं तर मोबाईल बाजूला आणि पहिल्यापासून. हे त्यांना आता माहीत झालंय त्यामुळे आधीच समजून घेऊन येतात.

राहिलं ते आपल्याला येत नसेल तर काय करायचं. सरळ सांगायचं, मला माहीत नाही, आणि एका वेगळ्या वहीत प्रश्न लिहून ठेवायचा, तारखेसकट. गेल्या वर्षी सहावीतला एक मुलगा स्थानिक वेळेचं गणित घेऊन आला होता. भारताची प्रमाणवेळ ८२°३०' पूर्व रेखावृत्ताची, नाशिक साधारण ७३°४८' वर, फरक ८.७ अंश, एका अंशाला ४ मिनिटं, म्हणजे आपल्याकडे सूर्य साधारण ३५ मिनिटं उशिरा डोक्यावर येतो. गणित सुटलं. पण संक्रांतीला सगळे गच्चीवर पतंग उडवत असताना या पठ्ठ्याने खराट्याची काडी उभी केली आणि खडूने सावली मोजत बसला, सगळ्यात छोटी सावली १२:३५ ला यायला हवी होती, ती आली पावणेएकच्या सुमारास. "काकू, दहा मिनिटं कुठून आली?" मला नाही सांगता आलं. वहीत लिहिलं, रात्री वाचत बसले, तर पृथ्वीची कक्षा थोडी लंबगोल आहे आणि आस कललेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या थोडा पुढेमागे होत राहतो, जानेवारीच्या मध्यात साधारण ९ मिनिटं मागे असतो. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर म्हणतो, मग नोव्हेंबरमध्ये पण बघू. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य १६ मिनिटं पुढे असतो, म्हणजे सावली १२:२० च्या आधीच सगळ्यात छोटी व्हायला हवी. दिवाळीच्या सुट्टीत बघितलं, १२:१८ ला झाली. वहीत त्याच पानावर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलंय.