घरच्या कॉम्प्युटरला नेट घेताय? लाइनमन यायच्या आधी हे बघा

फायबरचं कनेक्शन घेताना आधार वगैरे लागतं ते सांगत बसत नाही, मागतातच. नेटचा बॉक्स, म्हणजे राउटर, कुठे लावायचा ते मात्र आधी ठरवा, कॉम्प्युटरच्या जवळ, शेजारी प्लग पॉइंट मोकळा, नाहीतर लाइनमन दाराशीच ठोकून मोकळा होतो. फायबर आतून काचेची असते, कपाटामागे काटकोनात मुडपली की प्रकाश पुढे पोचत नाही आणि बॉक्सवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा लागतो, म्हणून वायर मोठ्या वळणाने न्यायला लावा.

आता नीट ऐका. पीपीपीओईचं, म्हणजे राउटर कंपनीच्या नेटला लॉगिन करतो त्याचं, युजरनेम आणि पासवर्ड लिहून घ्या. लाइनमन घरात असतानाच. मागच्या वेळी माझं हेच राहिलं, राउटर रिसेट झाला, वायफाय दिसतंय पण नेट नाही आणि शनिवार-रविवार कोणी फोन उचलेना. हा वायफायचा पासवर्ड नव्हे! वायफायचा तुम्ही कधीही बदलू शकता, हा कंपनीच्या सर्व्हरला तुमची ओळख पटवतो, राउटरच्या आत भरलेला असतो, आणि मागच्या बारीक भोकात पिन दाबून धरली की पुसला जातो. लाइनमन म्हणेल मी टाकलाय, तुम्हाला लागणार नाही. लागतो. शून्य आहे की ओ, कॅपिटल की स्मॉल, विचारून कागदावर लिहा, मोबाइलमध्ये फोटो काढा. काही कंपन्यांना हा लागतच नाही, तरी तसं त्यांच्या तोंडून ऐका.

डेस्कटॉपला वायफाय असेलच असं नाही, राउटर ते कॉम्प्युटर जोडायची लॅन केबल आणून ठेवा, कॅट 6 घ्या, आठही तारा जोडलेली. चारच जोडल्या असतील तर 100 एमबीपीएसच्या वर स्पीड जाणार नाही, प्लॅन कितीचाही असो. विंडोज नवीन टाकलं असेल तर लॅनचा ड्रायव्हर (लॅन चालवणारं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर आधीच घ्या, नेटच नसताना डाउनलोड कशावरून करणार? जुना कॉम्प्युटर असेल तर तारीख बघा, मदरबोर्डवरचा सेल संपला की ती कुठल्या कुठे मागे जाते आणि नेट चालू असूनही साइट उघडत नाहीत, लोक उगाच लाइनला दोष देतात.

लाइनमनच्या कागदावर सही करायच्या आधी कॉम्प्युटरवर दोन साइट उघडून बघा. पीपीपीओई लिहिलं? मग करा सही. वायफायचा आणि राउटरच्या ॲडमिनचा (सेटिंगमध्ये शिरायचा) पासवर्ड त्याच दिवशी बदला. वीज जात असेल तर राउटरला छोटा यूपीएस. विजा चमकायला लागल्या की प्लग काढा.