मोठ्या संख्येचे अवयव कसे काढावेत

सरावासाठी नागपूरच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिन कोड, ४४०००१, घ्यावा. ही संख्या मला फार आवडते. अंकांची बेरीज ९ असल्याने ९ ने भाग जातो आणि ४८८८९ उरतात. खरी कसोटी येथून पुढे आहे. या संख्येचे वर्गमूळ २२१ हून किंचित मोठे असल्याने २११ पर्यंतच्या ४७ मूळ संख्यांनी भाग देऊन पाहणे पुरेसे ठरते, कारण दोन अवयवांपैकी लहान अवयव वर्गमूळापेक्षा मोठा असूच शकत नाही. ७ आणि ९७ ने भागताना बाकी केवळ १ उरते, म्हणून तेथे विशेष काळजीने भागाकार करावा. एकाही संख्येने पूर्ण भाग जात नाही, म्हणजेच ४८८८९ ही मूळ संख्या आहे. म्हणून ४४०००१ = ३² × ४८८८९¹; या घातांकांत प्रत्येकी १ मिळवून गुणल्यास ४४०००१ चे एकूण विभाजक ३ × २ = ६ मिळतात.