फोनवरचा आवाज तुटत असेल, तर आधी अपलोड तपासा
कार्यालयातील इंटरनेट फोनवर समोरच्याचा आवाज नीट येतो, पण आपला आवाज त्याला तुटक ऐकू जातो, अशी तक्रार आली की बहुतेक जण लगेच जास्त वेगाचे कनेक्शन घेण्याचा विचार करतात. त्याआधी एका संगणकावरून मोठी फाइल अपलोड करण्यास लावावी आणि त्याच वेळी दुसऱ्यावरून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला पिंग करत राहावे, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते पाहावे. एरवी १५ मिलिसेकंदांत येणारे उत्तर ३०० वर गेले, तर खरी अडचण मोडेममध्ये साचणाऱ्या डेटाच्या रांगेची असते. जी.७११ या आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीच्या कॉलला प्रत्येक दिशेने सेकंदाला साधारण ९० किलोबिट पुरतात. फक्त ते वेळेवर सुटले पाहिजेत.

राउटरमधील क्यूओएस (कोणत्या डेटाला प्राधान्य द्यायचे ते ठरवणारी सोय) नुसते सुरू करून भागत नाही. अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या सुमारे ९० टक्क्यांवर बांधावी, म्हणजे रांग राउटरमध्येच लागते आणि कोणाला पुढे सोडायचे हे आपल्या हाती राहते. फोनच्या आवाजाच्या पॅकेटांवर (डेटाच्या छोट्या तुकड्यांवर) डीएससीपी ४६ ही प्राधान्य दाखवणारी खूण असावी आणि फोन व राउटर यांना जोडणाऱ्या मधल्या स्विचला फोनच्या पोर्टवरील खूण ग्राह्य धरण्याची सूचना द्यावी. काही स्विच ती परस्पर शून्य करून टाकतात, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ याच ठिकाणी वाया जातो. शंका असल्यास पोर्ट मिररिंग लावून (एका पोर्टवरील डेटाची प्रत दुसऱ्या पोर्टवर घेऊन) वायरशार्क या डेटा तपासण्याच्या प्रोग्राममध्ये पॅकेट उघडून पाहावे. स्विचने गाळलेल्या पॅकेटांचे आकडे एसएनएमपीद्वारे (नेटवर्कमधील उपकरणांची माहिती दुरून वाचण्याच्या पद्धतीने) नियमित नोंदवत राहिल्यास गर्दी नेमकी कोणत्या पोर्टवर आणि किती वाजता होते, तेही कळते.