‘रे. द.’ मधला द: कोर्टातून जुनी नक्कल काढताना

सनद मिळाल्यावर पहिलं वर्षभर तुम्हाला युक्तिवादाला कोणी उभं करत नाही. तारीख घ्यायची, झेरॉक्स काढायच्या, आणि मधूनच सीनियर मान वर न करता म्हणतात, “ती जुन्या दाव्याची नक्कल काढून आण.” या शेवटच्या कामाबद्दल, म्हणजे कोर्टाच्या रेकॉर्डमधून सही-शिक्क्याची प्रत काढण्याबद्दल लिहितेय. नक्कल अर्ज कसा असतो, त्याला कोर्ट फी स्टॅम्प लागतो, पक्षकारासाठी अर्ज करायचा तर वकीलपत्र लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. जे मला ठाऊक नव्हतं ते सांगते.

तालुका सिंधुदुर्गातला, किनाऱ्यावरचा. पक्षकार सत्तरी उलटलेल्या एक काकी, मुलगा मुंबईला. भावकीतल्यांनी वाटपाचा दावा लावला होता. त्यांचं म्हणणं असं की मिळकत एकत्र आहे, वाटप कधी झालंच नाही. काकींचं उत्तर एका ओळीचं: “माज्या सासऱ्यान केस जिंकलली. कागद कोर्टातच आसतले.” तो जुना हुकूमनामा, म्हणजे निकालावरून निघालेला कोर्टाचा आदेश, सापडला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११ चा मुद्दा घेता येणार होता: एकदा निकाली निघालेला वाद पुन्हा चालवता येत नाही. त्याच घराण्यात, त्याच जमिनीवर, तोच वाद एकदा निकाली निघालेला. कैफियतीला, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तराला, समन्स बजावल्यापासून ३० दिवस, कोर्टानं मुदत दिली तर ९० पर्यंत. म्हणजे घड्याळ चालू झालेलं होतं.

मी तलाठ्याकडून जुना फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाल्याची महसुली नोंद, काढला. १९६३ सालची नोंद. त्यात लिहिलेलं: मे. सिव्हिल जज्ज यांजकडील रे. द. नं. ३१/६२ व मे. कलेक्टर यांजकडील हुकुमावरून वाटपाची नोंद केली. (नंबर बदलून लिहितेय.) मी खूश झाले. डायरीत टिपून घेतलं, “रेग्युलर दावा ३१/१९६२”, आणि फेरफार फाईलला लावून टाकला. पुढचे पन्नास दिवस तो कागद मी उघडून पाहिला नाही, आपली डायरीच पाहत राहिले.

अर्ज टाकला. पक्षकारांची नावं नीट माहीत नव्हती म्हणून नुसतं “वादी वगैरे विरुद्ध प्रतिवादी वगैरे” असं ठोकून दिलं. तेहतिसाव्या दिवशी नक्कल तयार. पैसे भरले, सही करून घेतली, एसटीत बसून वाचायचाही कंटाळा केला, आणि चौदा पानं सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. त्यांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “ही होडी कोणाची?”

निकाल होडीसाठी दिलेल्या उसन्या पैशांचा होता. वादी कोण, प्रतिवादी कोण, आमच्या काकींच्या गावाशी काडीचा संबंध नाही. १९६२ सालात एकतीस नंबरचा दावा होता, तो मी मागितला, कोर्टानं तो दिला. नावं लिहिली असती तर तिथेच अडलं असतं.

दुसरा अर्ज नावांसकट टाकला. पन्नासाव्या दिवशी शेरा आला: “सदर पक्षकारांचा नमूद नंबरचा दावा आढळ होत नाही.” मी काकींना फोन करून सांगितलं की रेकॉर्ड नष्ट झालंय बहुतेक. त्या काहीच बोलल्या नाहीत, फोन तसाच कानाला धरून होत्या. ते आठवलं की अजून लाज वाटते.

गाठ सुटली ती रेकॉर्ड कीपरच्या टेबलाशी. निवृत्तीला आलेले गृहस्थ, टेबलावर वाळवी मारायच्या औषधाची बाटली, मागे लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे. म्हणाले, “नंबर खंयसून घेतलात? मूळ कागद दाखवा.” मी फेरफार दिला. त्यांनी बोट ठेवलं. “मॅडम, हो द दाव्याचो नाय. दरखास्तीचो.”

आता हे सावकाश सांगते, कारण इथेच सगळे पडतात.

आपल्याकडे मूळ दाव्याचा नंबर रे. मु. किंवा रे. दि. मु. असा लिहितात, मु म्हणजे मुकदमा. मोठ्या रकमेचा, वरिष्ठ स्तराकडचा असेल तर स्पे. मु. रे. द. म्हणजे रेग्युलर दरखास्त, हुकूमनाम्याची बजावणी करायचा अर्ज. कि. अ. म्हणजे किरकोळ अर्ज. जुन्या फेरफारात कि. अ. दिसला तर बहुतेक वेळा तो १८२७ च्या रेग्युलेशनखाली काढलेला वारस दाखला असतो, दावा नसतोच. आपण बोलताना सगळ्यालाच “दावा” म्हणतो, म्हणून डोळ्यांना द दिसला की दावाच वाचला जातो.

आणि फेरफाराला दरखास्तीचाच नंबर का येतो, यालाही कारण आहे. सारा भरणाऱ्या जमिनीचं वाटप कोर्ट स्वतः जागेवर करत नाही. कोर्ट हिस्से ठरवतं आणि संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रत्यक्ष फाळणी कलेक्टरकडे सोपवतं. तिथून कागद तहसीलदाराकडे आणि मोजणीवाल्यांकडे जातात. हे सगळं हलवायला हुकूमनामेदार, म्हणजे ज्याच्या बाजूनं हुकूमनामा झाला तो, दरखास्त लावतो. त्यामुळे महसूलकडे जो कागद पोचतो त्याच्या डोक्यावर दरखास्तीचा नंबर असतो, आणि तलाठी तोच नोंदवतो. दाव्याचा नंबर त्यानं कधी पाहिलेलाच नसतो. कोकणात भाऊबंदकीचे दावे आणि सामाईक जमिनी इतक्या, की वाटपाच्या फेरफारात हा घोळ जागोजाग भेटेल.

साल हाही त्यातलाच सापळा. नंबरापुढचं साल दाखल झाल्याचं असतं, निकालाचं नव्हे. दाव्यांचं रजिस्टर दर वर्षी एकपासून सुरू होतं आणि वादपत्र ज्या क्रमानं दाखल होतं त्या क्रमानं नंबर पडतो. निकाल तीन, पाच, दहा वर्षांनी. उलट आमच्याकडचे रेकॉर्ड रूममधले गठ्ठे निकालाच्या वर्षामहिन्याप्रमाणे बांधलेले आहेत. तुम्ही दाखल साल धरून गठ्ठा मागितलात तर माणूस प्रामाणिकपणे चुकीच्या फळीवर हात घालतो आणि प्रामाणिकपणे “आढळ होत नाही” लिहितो. तो शेरा तुम्ही लिहिलेल्या नंबराबद्दल असतो. रेकॉर्ड नष्ट झाल्याचा दाखला तो नव्हे. नष्ट झालं असेल तर तसं वेगळं लेखी मागा, पुढे दुय्यम पुरावा द्यायची वेळ आली तर तोच कागद लागतो.

मग दरखास्तीवरून दाव्याकडे कसं जायचं? संहितेच्या ऑर्डर २१ रूल ११ प्रमाणे दरखास्तीतच दाव्याचा नंबर, पक्षकार, हुकूमनाम्याची तारीख आणि अपील झालं का, हे लिहावं लागतं. आमची दरखास्तीची फाईल शिल्लक नव्हती, पण रजिस्टर होतं. १९६२ चं दरखास्त रजिस्टर, पान कोपऱ्यावर ओलीनं चिकटलेलं, आणि त्यात एकतीस नंबरच्या ओळीत मूळ दावा: रे. मु. ११२/१९५४. तिथून १९५४ चं दाव्यांचं रजिस्टर. ते रजिस्टर एकदा तरी आडवं उघडून नीट वाचा, फार गुणी वस्तू आहे. वादी, प्रतिवादी, मागणी, निकालाची तारीख, अपील, बजावणी, सगळं एका ओळीत. निकाल १९५७ चा निघाला. काकींचे सासरे त्यात प्रतिवादी होते. मी इतके दिवस त्यांना वादींत शोधत होते, कारण “केस जिंकली” म्हणजे केस यांनीच घातली असणार, असं मी गृहीत धरलं होतं.

नावांचंही सांगून ठेवते. जुन्या कागदांत आडनाव असेलच असं नाही. बाईचं नाव “अमुक भ्र. तमुक” असं, भ्र. म्हणजे भ्रतार. अज्ञान मुलाच्या नावापुढे अ. पा. क. आई, म्हणजे अज्ञान पालन कर्ता आई. कर्त्याच्या नावापुढे ए. कु. मॅ., म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. आणि रजिस्टरात पहिल्या माणसाचं नाव लिहून “व इतर ११” एवढ्यावर काम भागवलेलं. तुमच्या पक्षकाराचा पूर्वज त्या अकरांत असू शकतो. म्हणून घरी बसून आधी वंशावळ काढा, कागदावर, सगळ्या भावांसकट. चाळीसच्या दशकातले फेरफार मोडीत निघाले तर वाचून देणारी माणसं गाठा, अंदाजानं वाचू नका. मी देवनागरीतलं एक अक्षर अंदाजानं वाचलं तर काय झालं ते पाहिलंत.

अपिलाचा रकाना माझ्या नजरेतून सुटला असता, रेकॉर्ड कीपरनीच दाखवला. अपील झालं असेल तर खालचा हुकूमनामा वरच्यात विलीन होतो, वरचाच दाखल करायला हवा. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीची अपिलं रत्नागिरीला चाललेली. आमचंही तिथलंच, त्यामुळे ओरोसला, आताच्या जिल्हा न्यायालयात, विचारून उपयोग नव्हता, पहाटेची गाडी धरून रत्नागिरी गाठली. तुमचा तालुका सावंतवाडी संस्थानातला किंवा रायगडात जंजिऱ्यातला असेल तर १९४८ च्या आधीचं कोर्टच वेगळं होतं हे ध्यानात ठेवा. आणि उच्च न्यायालयातलं नवं काम आता मुंबईला नाही: १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत.

हेही तपासा की प्रकरण दिवाणी कोर्टाचं होतं का. गावात “कोर्टात गेलेलं” म्हणजे काहीही असू शकतं. कुळ आहे की नाही हा प्रश्न कुळकायद्याच्या कलम ७० ब खाली तहसीलदाराकडे, दिवाणी कोर्टाला त्यात हातच घालता येत नाही. वाट अडवली तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली, नावात कोर्ट असलं तरी बसतो तहसीलदारच. तिथले कागद तहसीलच्या रेकॉर्डला.

आता शॉर्टकट. ई-कोर्ट्सचं ॲप चांगलं आहे, सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे प्रकरणाचा ओळख क्रमांक, टाकला की चालू प्रकरणाची कुंडली मिळते, मी रोज वापरते. पण १९५४ चा दावा तिथे शोधणारा ज्युनियर दिसला की मला हसू येतं. आणि तिथून उतरवलेला निकाल म्हणजे सही-शिक्क्याची नक्कल नव्हे. दुसरे सल्लागार म्हणतात, माहिती अधिकार टाक. कोर्टाच्या न्यायालयीन रेकॉर्डच्या नकलांसाठी कोर्टाचे नियमच वापरावे लागतात, सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात हे स्पष्ट केलंय. त्यात महिना घालवू नका. तुम्ही पक्षकार नसाल तर प्रतिज्ञापत्रावर कारण लिहा, न्यायाधीशांचा आदेश घ्या, नक्कल मिळते. पक्षकाराचे वारस असाल तर मृत्यूचा दाखला आणि वारसाचा कागद जोडा. आणि आवाराबाहेर वडाखाली “मी काढून देतो” म्हणणारा जो भेटतो त्याच्यापासून लांब. तो पैसे घेतो म्हणून नव्हे, तो घाईत तुमच्यासारखाच चुकीचा नंबर लिहितो म्हणून.

सीनियरांबद्दल माझं मन अजून साफ नाही. सरांना रे. द. म्हणजे काय ते झोपेत विचारलं तरी आलं असतं. “शोध, म्हणजे शिकशील,” असं म्हणून ते मोकळे झाले. पण खरं सांगायचं तर मी त्यांना फेरफार दाखवलाच नव्हता. एवढंही कळत नाही असं वाटेल म्हणून. तुम्ही दाखवा. मूळ कागदाची झेरॉक्स रेकॉर्ड रूमलाही सोबत न्या, अर्जाला जोडा. आपली डायरी दाखवू नका.

ताज्या निकालाची नक्कल अपिलासाठी हवी असेल तर वेगळा नियम: निकाल लागला त्याच दिवशी अर्ज. जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, आणि नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदत कायद्याच्या कलम १२ खाली वगळले जातात. तयार झाल्यावर तुम्ही आणायला गेला नाहीत ते दिवस मात्र तुमचे. नकलेच्या मागे अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख असते, तिकडे पहिल्यांदा बघा. आणखी एक, चाकरमानी मे महिन्यात येऊन “आजच नक्कल द्या” म्हणतात आणि तेव्हाच कोर्टाला उन्हाळी सुट्टी असते. त्यांना शिमग्यालाच अर्ज द्यायला लावा.

घाबरू नका मात्र. निकालपत्र आणि हुकूमनामा सहसा टिकून असतो. साक्षी, निशाण्या (पुराव्यात नंबर पडलेले कागद), दाखल कागद मुदत संपली की जातात. आम्हाला वादपत्र मिळालं नाही, साक्षी मिळाल्या नाहीत. खालचा हुकूमनामा एकाहत्तराव्या दिवशी मिळाला, रत्नागिरीचा अपिलातला शहाऐंशीव्या. अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी कैफियत गेली, दोन्ही नकला यादीसोबत.

त्या संध्याकाळी काकींना हुकूमनाम्यातल्या चतुःसीमा वाचून दाखवल्या. पूर्वेस गडगा, त्या मान हलवत होत्या. उत्तरेस पाणंद, पश्चिमेस सरकारी रस्ता. दक्षिणेस व्हाळ, म्हणजे ओढा, म्हटल्यावर त्यांनी मला थांबवलं. “व्हाळ खंय ऱ्हवलो आता? तो त्यांनी कधीचोच बुजवल्यानी.” म्हणजे आता १९६३ च्या फाळणीचा नकाशा हवा, आणि तो कोर्टात नाही. उद्या भूमि अभिलेखच्या कार्यालयात जातेय, फेरफाराची झेरॉक्स घेऊन.