शाळा सुटून वर्षं झाली? १७ नंबरने दहावी देताना काय काय समोर येतं

मुंबईत घरकाम, रिक्षा, दुकान सांभाळत दहावी द्यायची इच्छा असलेली पुष्कळ माणसं मला भेटतात. त्यांना परीक्षेपेक्षा ती कशी असते हे ठाऊक नसण्याचीच भीती जास्त वाटते.

सुरुवात शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून करा. खाजगी विद्यार्थी म्हणून, म्हणजे रोज शाळेत न जाता, राज्य मंडळाच्या दहावीला बसायला १७ नंबरचा फॉर्म ऑनलाइन भरतात, त्याला हा दाखला लागतो, आणि फेब्रुवारी-मार्चच्या परीक्षेसाठी तो आदल्या वर्षीच भरावा लागतो. दाखला गावच्या शाळेत असेल तर गणपतीला जाऊ तेव्हा आणू, असं म्हणू नका. मुदत निघून जाते. हरवला असेल तर शाळेकडून दुसरी प्रत मागा. लग्नानंतर नाव बदललेल्या ताईंनो, फॉर्मवर नाव दाखल्यावर आहे तेच लिहा.

फॉर्ममध्ये संपर्क केंद्र म्हणून एक शाळा निवडायची असते. घराजवळची घ्या. कागदपत्रं तिथेच द्यायची, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षाही तिथेच. विषयामागे असलेले हे २० गुण बरेच जण विसरतात, म्हणून शाळेत जाऊन तारखा स्वतः विचारा.

आता पेपर. भाषांचे ८० गुणांचे, तीन तासांचे. गणिताचे दोन भाग, विज्ञानाचे दोन, शिवाय इतिहास-राज्यशास्त्र आणि भूगोल. हे सगळे ४० गुणांचे, दोन तासांचे. मराठीच्या कृतिपत्रिकेला, म्हणजे प्रश्नपत्रिकेला, घाबरू नका. उतारा आणि कविता पेपरातच छापलेली असते आणि बरीच उत्तरं त्यातच सापडतात. पत्र, बातमी, जाहिरात, निबंध अशा उपयोजित लेखनाला ८० पैकी २४ गुण आहेत. ज्याने आयुष्यात दहा अर्ज लिहिलेत, त्याला पत्र जमतंच.

खरी अडचण हाताची होते. वर्षानुवर्षं पेन न धरलेला हात अर्ध्या तासात दुखतो, अक्षर बिघडतं, येत असलेली उत्तरंही राहून जातात. म्हणून वाचनाइतकाच वेळ लिहिण्याला द्या. दोन महिने आधीपासून रोज पाऊण तास, शेवटच्या महिन्यात आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण पेपर. जुन्या प्रश्नपत्रिका त्यासाठीच जमवा. दिवसभर काम असेल तर जवळच्या रात्रशाळेत चौकशी करा. तिथे तुमच्यासारखेच लोक बसलेले असतात.

परीक्षा केंद्र आदल्या दिवशी पाहून या. सकाळचा पेपर ११ ला सुरू होतो, पण साडेदहाला वर्गात असायला हवं, आणि त्या वेळेच्या लोकलची गर्दी तुम्हाला माहीतच आहे. हॉल तिकीट आणि ओळखपत्र पिशवीत रात्रीच ठेवा, मोबाइल घरी. उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक आकड्यांत आणि अक्षरांत लिहायचा, पर्यवेक्षक सांगतील तसा. गोंधळ झाला तर हात वर करून विचारा, वयाची लाज बाळगू नका. लेखनासाठी शेवटी १० मिनिटं जादा मिळतात. ती राहिलेल्या छोट्या प्रश्नांना वापरा.

उत्तीर्ण व्हायला ३५ टक्के लागतात. एखादा विषय राहिला तर सगळे पेपर पुन्हा द्यावे लागत नाहीत, राहिलेल्याच विषयाचा द्यायचा. पुरवणी परीक्षा जून-जुलैच्या सुमारास असते. रुळांवर पाणी साचण्याचे तेच दिवस, म्हणून तेव्हा घरातून तासभर आधी निघा.