जुन्या रिकर्व्ह धनुष्याचा कर्ता आणि वय शोधताय? या चुका टाळा

हणजूणच्या बुधवारच्या बाजारात किंवा घराच्या माळ्यावर लाकडी मुठीचं जुनं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, सापडलं, की आपल्याकडे पहिली धाव असते पॉलिशवाल्याकडे. पावसाळ्यात धरलेली बुरशी जावी, लाकूड चकचकीत दिसावं, एवढाच हेतू. घात इथेच होतो. मीही म्हापशाला एक धनुष्य असंच उजळून आणलं आणि मुठीच्या वर शाईने हाताने लिहिलेले आकडे पॉलिश पेपरखाली कायमचे गेले. त्या धनुष्याचं वय मला आजही सांगता येत नाही, याची हळहळ वाटते.

म्हणून आधी वाचा, मग पुसा. किंचित ओलसर मऊ फडक्याने धूळ टिपा. सकाळच्या तिरप्या उजेडात मूठ, कडा आणि दोन्ही पात्यांचे (मुठीच्या वरच्या-खालच्या वाकणाऱ्या भागांचे) पुढून-मागून फोटो काढा. फोटोतला कॉन्ट्रास्ट वाढवला की पुसट अक्षरं बऱ्याचदा वर येतात.

दुसरी चूक आकड्यांची. ४५ च्या पुढे # असेल तर तो मॉडेल नंबर नव्हे. ते पौंड आहेत, म्हणजे दोरी साधारण २८ इंच खेचल्यावर लागणारा जोर. शेजारचे ६० किंवा ६२ ही इंचांतली लांबी. त्यासोबत ‘एएमओ’ (धनुष्य बनवणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेचं ठरवलेलं माप) असेल तर दोरी ३ इंच कमी मापाची घ्यायची. ६० ला ५७.

सगळ्यात जास्त फसगत होते ती बेअर या अमेरिकी कंपनीच्या धनुष्यांवर. त्यांच्यावर ‘कॅनेडियन पेटंट १९५३’ असं छापलेलं असतं आणि विकणारा बिनधास्त ‘१९५३ सालचं आहे’ म्हणून भाव सांगतो. ते साल पेटंटचं. पुढची अनेक वर्षं तोच छाप कायम होता. त्यापेक्षा गावाचं नाव शोधा. कारखाना १९७८ मध्ये मिशिगनमधल्या ग्रेलिंगहून फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला गेला, त्यामुळे ग्रेलिंग लिहिलेलं धनुष्य सहसा त्याआधीचं. मुठीतली नाण्यासारखी चकतीही बोलते. ती १९५९ पासून आली. लाकडाशी सपाट बसवलेली धातूची असेल तर साधारण १९७२ पर्यंतची, लाकडाच्या वर उठलेली असेल तर नंतरची. एका खुणेवर साल ठरवू नका, दोन-तीन जुळू द्या.

यामाहाचं नाव दिसलं तर ‘मोटारसायकलचं स्टिकर’ म्हणून सोडून देऊ नका. या जपानी कंपनीने १९५९ ते २००२ धनुष्यं बनवली. आणि कर्त्याचं नाव नसलं तरी निराश होऊ नका: अमेरिकेतली सिअर्ससारखी दुकानं दुसऱ्यांनी बनवलेली धनुष्यं स्वतःच्या लेबलखाली विकत.

ओळख पटायच्या आधी ओढून बघायचा मोह मात्र आवरा. दोरी नसताना रिकर्व्हची टोकं लक्ष्याकडे वळलेली असतात. नवखा माणूस त्याच वळणात दोरी चढवतो आणि पातं तुटतं. दोरी चढवायला स्ट्रिंगर (दोन्ही टोकांना अडकवून धनुष्य वाकवायची जाड दोरी) वापरा, पायात अडकवून वाकवलं तर पातं पिळवटतं. दोरी डॅक्रॉनचीच, म्हणजे थोड्या ताणणाऱ्या पॉलिस्टर धाग्याची हवी. हल्लीच्या न ताणणाऱ्या दोऱ्या जुन्या टोकांना चिरतात. आपल्या दमट हवेत फायबरग्लास आणि लाकडामधला डिंक सुटलाय का, तेही कडेने नख फिरवून बघा. फट लागली तर ते धनुष्य भिंतीवर टांगायचं, ओढायचं नाही.